जुन्या फोटोत संगणकावर बनवलेली विंटेज गाडी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) उघडून एखादं मॉडेल फिरवता येतं आणि फोटोशॉप किंवा गिंपमध्ये लेयर-मास्क कळतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं बरीचशी जुन्या मुंबईची आहेत, कारण विचारणारे बहुतेक तसलेच फोटो घेऊन येतात: फ्लोरा फाउंटन, हॉर्नबी रोड, गिरगाव, नाहीतर आजोबांच्या वाड्याचं दार. सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी तत्त्वं तीच.

कुठल्या फोटोपासून सुरुवात करावी?

रस्ता रिकामा आहे, ऊन स्पष्ट आहे, इमारतींच्या सरळ कडा दिसतात आणि गाडी उभी करायला मोकळी जागा आहे, असा फोटो घ्या. पहिल्याच खेपेला गर्दीतला बाजार घेऊ नका. गाडी धावती नको, उभीच ठेवा. गाडीच्या पुढे काही येणार नसेल तर निम्मं काम वाचतं.

सरावासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह उत्तम. तिथे जुन्या काचपट्ट्यांचे (काचेवरच्या निगेटिव्हांचे) मोठमोठे टिफ स्कॅन मिळतात आणि त्यात दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. फेसबुकवरून उतरवलेला आठशे पिक्सेलचा फोटो घेऊन बसलात, तर गाडी किती चांगली केली हे कुणालाच कळणार नाही, तुम्हालाही नाही.

घरचा फोटो स्कॅन कसा करायचा?

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, १६ बिटमध्ये, टिफ स्वरूपात. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला १२०० डीपीआय पुरेसं होतं. रंगीत स्कॅनमुळे कागदाचा पिवळेपणा आणि डाग वेगळे ओळखता येतात. स्कॅनरचं आपोआप धूळ काढणारं, धार वाढवणारं सगळं बंद ठेवा. ओरखडे पुसण्याची घाई करू नका. ते पुढे कामाला येतात.

फोटो कुठल्या सालचा आहे हेच माहीत नाही. मग गाडी कुठली निवडू?

आधी साल, मग गाडी. हौसेने गाडी आधी ठरवली की माणूस फोटोतले पुरावे बघायचं टाळतो.

मुंबईच्या फोटोंत पुरावे भरपूर सापडतात. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये. दुमजली ट्राम दिसली तर १९२० नंतरचा काळ. मोटारबस दिसली तर १९२६ नंतरचा, कारण पहिली बस त्या वर्षीच्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. गेटवे पूर्ण उभा असेल तर १९२४ च्या अलीकडचं, रीगल सिनेमा दिसत असेल तर १९३३ च्या अलीकडचं. एवढ्यावर बहुतेक फोटो दहा वर्षांच्या आत येतात.

आता गाडी. फोर्डचं मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनलं, पण ही वीस वर्षांची गाडी एकसारखी नव्हती. १९१६ पर्यंत रेडिएटर पितळी; १९१७ च्या मॉडेलपासून त्यावर काळं कवच. १९१४ ते १९२५ या काळात रंग फक्त काळा. म्हणजे पितळी रेडिएटरची गाडी १९२५ च्या फोटोत असू शकते (लोक गाड्या वर्षानुवर्षं वापरत), पण काळ्या कवचाची गाडी १९१२ च्या फोटोत असूच शकत नाही. नियम एवढाच: गाडी फोटोपेक्षा जुनी असली तर चालते, नवी चालत नाही.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली, त्यामुळे १९३० च्या आसपासच्या मुंबईच्या रस्त्यावर शेव्हरले अगदी सहज शोभते. स्वातंत्र्यानंतरच्या फोटोत बहुतेकांना फियाटच हवी असते. १९५४ पासून इथे आलेली गोलमटोल फियाट ११००, म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’, ही पद्मिनी नव्हे. पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकात आलं. सुरुवातीच्या डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे होते. दरवाजा उघडा दाखवणार असाल तर हे तपासा, नाहीतर गाड्यांचे शौकीन पहिल्या मिनिटात पकडतील.

आणखी तीन ठिकाणी हमखास गफलत होते. एक, क्रोम. गाड्यांवर क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधी निकेल, त्याहीआधी पितळ. निकेलची चमक क्रोमपेक्षा किंचित पिवळसर आणि मऊ असते. दोन, टायर. सुरुवातीचे टायर काळे नव्हते, पांढरट-करडे होते. रबरात काजळी घालण्याची पद्धत १९१० नंतर हळूहळू रुळली. तीन, नंबर प्लेट. ‘एमएच’ने सुरू होणारे नंबर १९८९ नंतरचे. जुन्या मुंबईच्या गाड्यांवर ‘बीएम’ने सुरू होणारी अक्षरं दिसतात. खात्री नसेल तर प्लेटवर धूळ बसवा. रस्ते तसे होतेच.

तयार मॉडेल उतरवून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण मापं तपासून. मॉडेल टीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. त्यानंतरच्या मॉडेल एचा साडेतीन इंच जास्त. अ‍ॅम्बॅसडरचा जवळजवळ २.४६ मीटर, फियाट ११०० चा २.३४. फुकटच्या मॉडेलांत लांबी बरोबर असते आणि चाकं लहान असतात, हा नेहमीचा दोष. मॉडेल टीचं चाक टायरसकट ३० इंच, जवळपास ७६ सेंटिमीटर. चाक चुकलं की सगळी गाडी खेळण्यातली दिसते.

दुसरी गोष्ट स्टीअरिंगची. बाजारातली बहुतेक मॉडेलं अमेरिकी, म्हणजे डावं स्टीअरिंग. भारतात येणाऱ्या फोर्ड कॅनडातून येत आणि त्यांचं स्टीअरिंग उजवीकडे असे. अख्खी गाडी आरशासारखी उलटवू नका. स्टीअरिंग, पेडल आणि डॅशबोर्ड एवढंच हलवा. नाहीतर बॉनेटवरची अक्षरं, हॉर्न, स्टेपनी सगळंच उलटं होऊन बसतं.

उलटण्यावरून आठवलं: फोटो स्वतःच उलटा नाही ना, ते बघा. निगेटिव्ह उलट बाजूने छापली गेलेली प्रिंट दुर्मिळ नाही. पाट्यांची अक्षरं, वाहतूक रस्त्याच्या कुठल्या बाजूने चाललीय आणि माणसांच्या कोटाची बटणं, यांतून लगेच कळतं.

प्रत्यक्ष गाडी बघायला मिळाली तर सोडू नका. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा गाड्यांचा संग्रह आहे. इंटरनेटवरच्या शंभर फोटोंत जे कळत नाही, ते मडगार्डची कड जवळून बघितल्यावर कळतं: पत्रा किती जाड, कड कशी गोल वळवलेली, रंगाखाली हातोडीच्या खुणा कशा उमटतात.

कॅमेरा जुळत नाही. गाडी एका कोनातून बरोबर वाटते, दुसरीकडून तरंगते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डोळ्याने अंदाज घेत कॅमेरा हलवत बसू नका. एफस्पाय नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात फोटो उघडायचा, एका दिशेला जाणाऱ्या दोन कडांवर रेषा ठेवायच्या (दुकानांचे छज्जे, फुटपाथची कड), दुसऱ्या दिशेच्या दोन कडांवर आणखी दोन. तो कॅमेऱ्याची जागा आणि दृष्टिकोन काढून देतो आणि ते ब्लेंडरमध्ये उचलता येतं. रेषा जितक्या लांब, तितकी चूक कमी. ट्रामचे रूळ सरळ असतील तर त्यांच्यासारखी दुसरी रेषा नाही.

तरीही जुळत नसेल तर बहुधा दोनांपैकी एक कारण असतं. पहिलं, फोटो कापलेला आहे. एफस्पाय धरून चालतो की लेन्सचा मध्य म्हणजे फोटोचा मध्य. कुणीतरी अल्बमात बसवायला एक बाजू कापली असेल तर हे गृहीतच चुकतं.

दुसरं कारण जास्त गमतीचं. त्या काळचे व्यावसायिक फोटोग्राफर तिवईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याने इमारतींचे फोटो काढत. त्या कॅमेऱ्याची लेन्स वर सरकवता येई. कॅमेरा वर न झुकवता फक्त लेन्स वर नेली की इमारतीचं टोकही येतं आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. म्हणून जुन्या राजाबाई टॉवरच्या फोटोत मनोरा मागे कलंडलेला दिसत नाही. अशा फोटोत क्षितिज बरंच खाली असतं आणि तरी उभ्या रेषा एकमेकींना समांतर असतात. ही खूण दिसली की ब्लेंडरच्या कॅमेऱ्यात ‘शिफ्ट वाय’ वापरा, कॅमेरा वर झुकवू नका. एफस्पायमध्येही लेन्सचा मध्य हाताने सरकवण्याची सोय आहे.

शेवटी सेन्सरचं माप खरं टाका. चार बाय पाच इंची प्लेट असेल तर रुंदी १२७ मिलिमीटर, आणि तिची नेहमीची लेन्स १५० मिलिमीटरची. दृश्य तेवढंच राहतं, पण फोकसची खोली आपोआप खऱ्यासारखी येते. मोठ्या प्लेटवर एफ ८ ला सहा मीटरवरची गाडी आणि मागची इमारत दोन्ही कडक येत नाहीत. छोट्या सेन्सरच्या हिशेबाने रेंडर केलं (मॉडेलचं चित्र काढलं) तर दोन्ही येतात, आणि बघणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खटकतं.

गाडी किती मोठी ठेवायची?

खरी मापं टाकली आणि दृश्याला एक माप दिलं की हा प्रश्न उरत नाही. ते एक माप शोधायचं. मुंबईच्या ट्रामचे रूळ ४ फूट साडेआठ इंच अंतरावर होते आणि मॉडेल टीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच. म्हणजे जवळपास तेवढंच! गाडी रुळांवर नेऊन ठेवा. चाकं रुळांवर बसली तर माप बरोबर.

रूळ नसतील तर क्षितिज वापरा. सपाट रस्त्यावर क्षितिजाची रेषा सगळ्या वस्तूंना कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. रस्त्यावरच्या माणसांच्या गळ्याशी क्षितिज येत असेल तर कॅमेरा साधारण १.४ मीटरवर आहे. फियाटचं टपही जेमतेम दीड मीटरच्या आत. म्हणजे गाडी जवळ ठेवा की लांब, तिचं टप क्षितिजाला लागूनच राहिलं पाहिजे. टप चढवलेली मॉडेल टी मात्र दोन मीटरच्या वर जाते.

ऊन कुठून येतंय हे कसं काढायचं?

सावली बघून, पण कागदावर नव्हे, दृश्यात. कॅमेरा जुळल्यावर फोटोतल्या एखाद्या खांबाच्या बुडाशी तेवढाच उंच बारीक दंडगोल उभा करा आणि त्याची सावली फोटोतल्या सावलीवर बसेपर्यंत सूर्य फिरवा. मग दुसऱ्या एखाद्या वस्तूवर ताडून बघा. दोन्हीकडे जुळलं तरच पुढे जा.

एक ठोकताळा उपयोगी पडतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरातही भर दुपारी सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे इथे वर्षभरात कधीही दुपारी बाराची सावली वस्तूपेक्षा लांब नसते. लांब दिसली तर वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, तेव्हा ‘सावली नेहमी उत्तरेला पडते’ हा शाळेतला नियम तेवढे अडीच महिने गुंडाळून ठेवा.

सूर्याचा आकार अर्धा अंश ठेवा. सावलीची कड बुडाशी धारदार आणि लांब जाईल तशी मऊ होते ती यामुळेच. ढगाळ फोटोत सूर्य लावूच नका. नुसतं आकाश पुरतं आणि गाडीखालचा काळोख सगळं सांगून जातो.

शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारा, स्वतः न दिसणारा पृष्ठभाग) लावला, तरी सावली दुहेरी पडते.

गाडीची सावली इमारतीच्या सावलीत शिरत असेल तर असं होतं. फोटोतला रस्ता तिथे आधीच सावलीत आहे. त्यावर पुन्हा सूर्याची सावली पडत नसते. उपाय असा: इमारतीच्या जागी साधे ठोकळे उभे करा आणि रस्त्याबरोबर त्यांनाही शॅडो कॅचर करा. सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) मग गाडीमुळे खरोखर किती उजेड कमी झाला तेवढंच धरतो.

सावली किती काळी हे फोटोला विचारा. रस्त्यावरच्या खऱ्या सावलीचा राखाडी रंग उचला आणि आपली सावली त्याच्याशी जुळवा. चाक जमिनीला टेकतं ती बोटभर जागा मात्र त्याहून काळी हवी. गाडी तरंगते ती बहुतेक वेळा इथेच.

पत्र्यावर काय प्रतिबिंबित व्हायला हवं? एचडीआरआय (सभोवतालचा सगळा उजेड टिपलेला फोटो) कुठून आणू?

आणू नका. जर्मनीतल्या कुठल्याशा बागेचा एचडीआरआय लावून गिरगावातली गाडी चमकवली तर दरवाज्यावर पाइनची झाडं दिसतात. जे ठोकळे सावलीसाठी उभे केलेत त्यांच्यावर तोच फोटो कॅमेऱ्यातून प्रक्षेपित करा. गाडीत तीच चाळ, तोच छज्जा दिसेल. कॅमेऱ्याच्या मागे काय होतं ते फोटोत नसतं, पण समोरची बाजू दिसते त्यावरून मागची अंदाजाने मांडता येते: दोनतीन मजली राखाडी ठोकळे, वर उजळ आकाश. प्रतिबिंबात तपशील कुणी मोजत नाही. उजेड-अंधाराची विभागणी मात्र डोळ्याला कळते.

रंगाचा पोत जपून. १९२३-२४ च्या सुमारास सेल्युलोजचे फवारणीचे रंग आले. त्याआधी ब्रशने मारलेला रंग आणि वॉर्निश. आजच्या गाड्यांवरचा काचेसारखा पारदर्शक थर तेव्हा नव्हता, म्हणून मटेरियलमधला ‘कोट’ शून्यावर आणा, रफनेस थोडी वाढवा आणि खालच्या निम्म्या भागावर धूळ चढवा. चकचकीत गाडी म्हणजे शोरूम. रस्त्यावरच्या गाडीला मातीचा रंग लागलेला असतो.

गाडी काळी-पांढरी केली, पण टोन जुळत नाही.

कारण नुसतं सॅच्युरेशन शून्य केलंत. जुनी फिल्म रंग आपल्या डोळ्यांसारखी बघत नव्हती. सुरुवातीच्या काचपट्ट्यांना फक्त निळा उजेड दिसे. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा दिसे, लाल नाही. लाल धरून सगळे रंग बघणारी पॅनक्रोमॅटिक काचपट्टी १९०६ पासून बाजारात होती, पण सर्वसामान्य वापरात यायला १९२० चं दशक उलटावं लागलं. पणजीच्या फोटोत कपाळाचं कुंकू काळंकुट्ट दिसतं आणि आकाश कोऱ्या कागदासारखं, ते यामुळे.

गाडीला हे लागू केलं की सगळं उलटंपालटं होतं. गर्द लाल गाडी जवळपास काळी दिसते, निळी गाडी अपेक्षेपेक्षा फिकी, पितळी दिवे मंद. म्हणून रेंडर रंगीतच काढा आणि कंपोझिटरमध्ये चॅनेल वेगळे करून मिसळा: ऑर्थोसाठी निळा दोनतृतीयांश, हिरवा एकतृतीयांश, लाल शून्य. त्याहून जुन्या पट्टीसाठी नुसता निळा. ही मिसळ टोन-कर्व्हच्या आधी, रेषीय मूल्यांवर करायची.

यातली खरी गंमत उजेडात आहे. सूर्याला किंचित पिवळा आणि आकाशाला निळा रंग द्या, मग निळा चॅनेल घ्या. उन्हाचा भाग जरा मंदावतो आणि आकाशाच्या उजेडात असलेली सावली उजळते. जुन्या फोटोंत सावल्या मोकळ्या आणि दूरच्या इमारती धुक्यात गेल्यासारख्या दिसतात, त्याचं अर्धं कारण इथे आहे. पांढऱ्या दिव्यांनी रेंडर करून नंतर कर्व्ह ओढत बसणारे हे कधीच पकडू शकत नाहीत.

फोटो कुठल्या फिल्मवरचा हे कळत नसेल तर कुंकू, लाल पागोटं, विटांची भिंत किंवा पोस्टाची लाल पेटी शोधा. अगदी काळी असेल तर ऑर्थो.

रेंडरमध्ये मूळ फोटोच फिका पडतो. का?

ब्लेंडर ४.० पासून ‘एजीएक्स’ हे व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर दाखवताना टोन बदलणारी पायरी) आपोआप लागू असतं, आणि फोटो त्यातून गेला की तो बदलतो. फोटोवर टोन आधीच चढलेला आहे. त्याला पुन्हा चढवायचा नाही. गाडी आणि सावली पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळ्या ईएक्सआरमध्ये (उजेडाची पूर्ण मूल्यं जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि फोटोशी जुळवणी ‘स्टँडर्ड’मध्ये किंवा थेट फोटोशॉपमध्ये करा. गाडीभोवती काळी बारीक रेघ दिसत असेल तर अल्फाचा (पारदर्शकतेच्या माहितीचा) घोळ आहे: प्रीमल्टिप्लाय केलेली, म्हणजे रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेली प्रतिमा साधी समजून उघडली गेलीय.

सगळं केलं, तरी गाडी चिकटवल्यासारखी दिसते.

क्रम चुकलाय. माझ्या मते या सगळ्या उद्योगाचं मर्म इथेच आहे. फोटोतली प्रत्येक वस्तू एका ठरावीक वाटेने आलीय: आधी लेन्स, मग फिल्म, मग प्रिंट, मग घडी पडणं, ऊन लागणं, वाळवी. गाडीलाही त्याच वाटेने, त्याच क्रमाने न्यायची. लोक आधी ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) टाकतात आणि मग ब्लर करतात, म्हणजे ग्रेनच पुसला जातो.

पहिला टप्पा लेन्सचा. फोटोतल्या एखाद्या पाटीची कड पूर्ण मोठी करून बघा. काळ्यावरून पांढऱ्यावर जायला किती पिक्सेल लागतात? गाडीची कड तेवढीच मऊ करा. बॉक्स कॅमेऱ्याचा फोटो असेल तर मध्य बरा आणि कोपरे विरघळलेले असतात. गाडी कोपऱ्याजवळ असेल तर तीही विरघळली पाहिजे. लेन्सवर परावर्तन रोखणारा थर देण्याचं तंत्र झाइसने १९३५ मध्ये शोधलं आणि सर्रास झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीच्या लेन्समध्ये आतल्या आत उजेड उडे आणि काळा रंग करडा होई. म्हणून गाडीखालचा सर्वांत काळा बिंदू फोटोतल्या सर्वांत काळ्या बिंदूपेक्षा काळा असता कामा नये. एवढं एक केलंत तरी निम्मी गाडी फोटोत शिरते.

मग फिल्म. तेजस्वी ठिपक्यांभोवती प्रभामंडळ येतं, कारण उजेड काचेच्या मागच्या पृष्ठावरून परत फिरे. हेडलाइटच्या काचेवर उन्हाची चमक असेल तिथे हे बारीकसं द्या. त्यानंतर ग्रेन. तयार ग्रेन वापरू नका. आकाशाचा किंवा भिंतीचा सपाट तुकडा उचला, त्यातला सरासरी टोन वजा करा, आणि उरतो तो ग्रेन गाडीवर पसरा. मधल्या टोनमध्ये जास्त, अगदी काळ्या-पांढऱ्यात कमी.

मग प्रिंटचा रंग. आंधळेपणाने सेपिया ओतू नका. गाडी राखाडीतच ठेवा आणि फोटोतून काळा, मधला, पांढरा असे तीन रंग उचलून ग्रेडियंट मॅप करा. कुठल्याशा फिल्टरचा गूळकट रंग आणि खऱ्या प्रिंटचा रंग शेजारी आले की लगेच उघडे पडतात.

शेवटी काळ. ओरखडा आकाशातून येऊन गाडीपाशी थांबत असेल तर गाडी त्याच्या नंतर आलीय हे कुणीही सांगेल. ओरखडे, घड्या, बुरशीचे ठिपके गाडीवरून पुढे न्या, वेगळ्या लेयरवर, बारीक ब्रशने. स्कॅन साफ करू नका असं म्हटलं ते यासाठी.

गाडीपुढे टांगा किंवा माणूस येतो. मास्क कसा करायचा?

हाताने. आपोआप निवडणारी साधनं ग्रेनमध्ये गोंधळतात. मास्कची कड फोटोतल्या कडांइतकीच मऊ ठेवा. जुन्या एक्स्पोजरमध्ये हललेली माणसं अर्धी पारदर्शक असतात. त्यांच्यातून गाडीही थोडी दिसू द्या. टांग्याच्या चाकांच्या आऱ्यांमधून गाडी दाखवायची वेळ आली तर एक कप चहा घ्या आणि गाडी दोन फूट सरकवा.

गाडी धावती दाखवायचीय.

हिशेब करा. ताशी २० किलोमीटर आणि शटर एक पंचविसांश सेकंद असेल तर गाडी तेवढ्यात २२ सेंटिमीटर पुढे जाते. एवढं धूसर दिसलंच पाहिजे. चाकात आणखी एक गोष्ट आहे: जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने जातो. म्हणून खालच्या आऱ्या बऱ्यापैकी दिसतात आणि वरच्या पुसल्या जातात. फोटोशॉपचा गोल ब्लर हे करू शकत नाही. चाक खरंच फिरवून मोशन ब्लरने रेंडर करा.

पहिल्या महायुद्धाआधीच्या शर्यतींच्या फोटोंत चाकं पुढे झुकलेली लंबगोल दिसतात. लार्तीग या फ्रेंच फोटोग्राफरचा तसा फोटो प्रसिद्ध आहे. त्या कॅमेऱ्यात शटरची फट प्लेटवरून सरकत जाई, म्हणून चाकाचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जाई. सायकल्समधल्या ‘रोलिंग शटर’ने चाक असं तिरकं होतं, पण ते कुठल्या बाजूला झुकतंय ते तपासून घ्या.

आणि आत ड्रायव्हर बसवा. रिकामी गाडी रस्त्याने चाललेली दिसली तर बाकी सगळी मेहनत फुकट.

एआयला सांगितलं तर एका मिनिटात होत नाही का?

होतं. पुढून शेव्हरले, मागून ऑस्टिन, चाकाला आऱ्या एका बाजूला जास्त, अशी गाडी मिळते. शिवाय बरेचदा मूळ फोटोतले चेहरे आणि पाट्याही गुपचूप बदललेल्या असतात. आजोबांच्या फोटोत आजोबाच बदलले तर काय उपयोग?

कॉपीराइटचं काय?

भारतात २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण होतं. आता ते फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. ज्यांची मुदत दुरुस्तीआधीच संपली ते मोकळे. पैसे देऊन काढून घेतलेल्या घरच्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. संग्रहालयाकडून स्कॅन घेतला असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या, त्या वाचा. गाडीच्या मॉडेलचाही परवाना असतो. फुकट म्हणजे व्यावसायिक वापराला मोकळं असं नव्हे.

लोक हा फोटो खरा समजले तर?

समजणारच. ‘१९३२ ची मुंबई, बघा किती स्वच्छ होती’ या मथळ्याखाली तो तुमच्याच फॅमिली ग्रुपवर परत येईल. चित्रातच एका कोपऱ्यात वाचता येईल अशी ओळ टाका: मूळ फोटो कुणाचा, गाडी संगणकावर बनवलेली. फाइलच्या मेटाडेटातही वर्णन भरा; आयपीटीसीच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या ठरलेल्या रचनेच्या) नोंदीत ‘डिजिटल सोर्स टाइप’ हा रकाना यासाठीच आहे. पण मेटाडेटा वाटेत गळतो, म्हणून चित्रावरची ओळ महत्त्वाची. मूळ फोटो आणि बदललेला शेजारी-शेजारी टाकलात तर उत्तम. स्थानिक इतिहासाच्या ग्रुपांत असे फोटो टाकताना मी तरी दोन्ही एकत्रच टाकतो.

छापताना आणि पाठवताना काय काळजी घ्यावी?

छपाई मॅट कागदावर, मूळ प्रिंटच्या मापाएवढी किंवा थोडी मोठी. फार मोठी केली तर ग्रेनचा आकार सांगून टाकतो. प्रिंटरला ‘कृष्णधवल’ न सांगता रंगीत छापायला सांगा, नाहीतर कागदाचा उबदार टोन जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि सगळ्यात आधी ग्रेन खलास होतो. मग गाडी पुन्हा गुळगुळीत आणि चिकटवलेली दिसू लागते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.